कातड्याएवढी जमीन : जव्हारच्या दऱ्या आणि आपला किनारा

मंडळी, पावसाळा लागला की आपल्याकडून दर रविवारी गाड्या जव्हारच्या दिशेने निघतात. वरोर, चिंचणी, वाणगाव, डहाणू, सगळीकडची पोरं. दाभोसाचा धबधबा, हनुमान पॉइंटचं धुकं, टपरीवरची गरम भजी, चार फोटो आणि अंधार पडायच्या आत परत. फोटोखाली ठरलेलं वाक्य असतं, 'आपल्या पालघरचं महाबळेश्वर'.

जायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण जव्हारला दुसऱ्या कुणाच्या नावाने ओळखायची गरज नाही. महाबळेश्वर हे साहेबांनी उन्हाळ्यात थंडाव्यासाठी वसवलेलं गाव. जव्हार ही सहाशे वर्षं चाललेल्या एका राज्याची राजधानी आहे, आणि हे राज्य टिकलं ते त्याच दऱ्यांमुळे, ज्यांच्या काठावर उभं राहून आपण फोटो काढतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. शेवटी ती आपल्याच वेशीवर येऊन थांबते.

एक पाऊस, दोन समुद्र

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. चारोटीला हायवे ओलांडला, कासा मागे टाकलं, तलवाडा गेलं की रस्ता चढायला लागतो. वर पोचलात की सपाटी लागते आणि तुम्हाला वाटतं, झालं, डोंगर संपला. तसं नाही. जव्हारचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि सगळ्या बाजूंनी नद्यांनी कापलेलं आहे. गावातल्या कुठल्याही बाजूने थोडं चाललं तरी पायाखाली दरी येते.

या नद्यांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सूर्या, पिंजाळ आणि देहर्जे एका बाजूला उतरतात आणि वैतरणेला मिळतात. वाघ आणि लेंडी दुसऱ्या बाजूला वळतात आणि दमणगंगेला जातात. म्हणजे जव्हारवर पडलेला एकच पाऊस दोन वाटांनी समुद्राला मिळतो. एक वाट आपल्या दक्षिणेला वैतरणेच्या मुखाशी, दुसरी उत्तरेला दमणला. आपला वरोर-वाढवण-डहाणूचा किनारा बरोबर या दोन मुखांच्या मधे आहे. वरचं राज्य आणि खालचा किनारा हा एकाच उताराचा माथा आणि पायथा. हे लक्षात ठेवलं तर पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

दाभोसाला लेंडी नदी सुमारे तीनशे फूट सरळ खाली पडते. काळ्या कातळात कापलेली ती घळ बघितली की कळतं, इथे घोडदळ घेऊन कोण येणार? तोफा कुठून ओढणार? पावसाळ्याचे चार महिने तर वाटाच बंद. मैदानातल्या राजाला किल्ला बांधावा लागतो, जव्हारच्या राजाला तो नद्यांनी बांधून दिला होता.

बैलाच्या कातड्याची गोष्ट

जव्हारचं मुकणे घराणं हे महादेव कोळी समाजाचं. घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे जयबा मुकणे, पौपेरा या नावानेही त्यांचा उल्लेख येतो. पण त्यांच्या आधी जव्हार कुणाचं होतं? इंग्रजांच्या काळात छापलेली गॅझेटियर स्पष्ट सांगतात की तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जव्हार एका वारली प्रमुखाकडे होतं.

मग ते मुकण्यांकडे कसं आलं? त्याची जी कथा सांगतात ती अशी. जयबा या वारली प्रमुखाकडे आले आणि म्हणाले, मला फार नको, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. प्रमुखाला वाटलं, एवढ्याशा जागेत काय जातंय? त्याने हो म्हटलं. जयबांनी कातड्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या दोरीने त्याचा सगळा बालेकिल्लाच वेढून घेतला. शब्द दिलेला, मागे घेता येईना. प्रमुखाला बदल्यात गंभीरगड आणि आजूबाजूचा मुलूख मिळाला, जव्हार गेलं.

गंभीरगड म्हणजे कुठला, ते ओळखलंत ना? तोच, आपल्या डहाणू तालुक्यातला, सायवनच्या बाजूचा. म्हणजे जव्हारच्या राज्याची सुरुवात ज्या व्यवहाराने झाली, त्याचं दुसरं टोक आपल्या तालुक्यात आहे. जव्हार गमावलेला माणूस आपल्याकडे येऊन राहिला, असं ही कथा सांगते.

आता ही कथा जशीच्या तशी घडली असेल का? फार शंका आहे. कारण हीच गोष्ट हजारो मैलांवर, आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेज शहराबद्दल सांगतात. तिथे डिडो नावाची राणी समुद्र ओलांडून येते, कातड्याएवढी जमीन मागते, पट्ट्या कापते आणि डोंगर घेरते. इंग्रज गॅझेटियरवाल्यांनासुद्धा जव्हारची गोष्ट लिहिताना डिडोच आठवली. जगात बऱ्याच ठिकाणी, बाहेरून आलेल्याने आतल्याची जमीन घेतली की अशी कथा तयार होते.

म्हणून तिच्यात घडलेला प्रसंग शोधू नये, तिच्यातली आठवण शोधावी. आठवण अशी की जमीन लढाईत गेली नाही, शब्दात गेली. मागताना थोडीच मागितली होती. मोजताना माप बदललं. जिंकणाऱ्याने ही गोष्ट हुशारीची म्हणून सांगितली. हरणाऱ्याने ती कशी सांगितली असेल, ते कुणी लिहून ठेवलं नाही. त्या वारली प्रमुखाचं नावही कागदावर नाही.

नाव गेलं, पण माणसं गेली नाहीत. आज जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरी या सगळ्या पट्ट्यात वारली समाज आहे. आणि ज्यांच्या हातात कधी दप्तर नव्हतं त्यांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे लिहिलं, ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगाला दाखवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. राज्य हरवलेल्यांचं नाव आज राज्य मिळवलेल्यांपेक्षा जास्त देशांत माहीत आहे, हाही इतिहासच.

नेमशहा आणि दिल्लीचा कागद

जयबांचे पुत्र नेमशहा. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद तुघलक होता, ज्याने राजधानी दौलताबादला हलवली तोच. त्याने नेमशहांना राजा म्हणून मान्यता दिली. तारीख सांगतात ५ जून १३४३. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख, असं त्या वेळच्या राज्याचं वर्णन येतं. आजच्या ठाणे-पालघरचा बराचसा भाग त्यात होता. ती तारीख जव्हारने इतकी मोठी मानली की तिथून स्वतःचा शक सुरू केला आणि कागदोपत्री तो पुढे कित्येक पिढ्या वापरला. एवढंसं राज्य, पण त्याची स्वतःची कालगणना होती.

दिल्लीने ही मान्यता का दिली असेल? उदार होऊन नक्कीच नाही. या दऱ्यांत फौज घालून राज्य जिंकायचं आणि मग ते सांभाळत बसायचं, त्यापेक्षा एक कागद पाठवणं स्वस्त. नाशिक-त्र्यंबकहून घाटवाटा उतरतात त्या याच मुलखातून बंदरांकडे येतात. वाट चालू राहिली, कुरबूर झाली नाही, की सुलतानाचं काम झालं. जव्हारचं पुढचं सगळं नशीब याच एका वाक्यात आहे. घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर हे राज्य बसलेलं होतं.

किनाऱ्यावर नंतर पोर्तुगीज आले. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, वसई, सगळी किनारपट्टी त्यांच्या ताब्यात गेली. पण ते वर चढले नाहीत. खाली पोर्तुगीज, वर जव्हार, अशी वाटणी दीडशे-पावणेदोनशे वर्षं चालली. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथे कामी आले आणि त्याच वर्षी वसईही पडली. आपल्या बाजूच्या इतिहासात ही लढाई सगळ्यांना पाठ असते. पण किनाऱ्यामागच्या डोंगरात एक आदिवासी राज्य तोवर जवळजवळ चारशे वर्षं जुनं झालं होतं, ते पाठ नसतं.

शिरपामाळ : अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट

जव्हारला गेलात की शिरपामाळला जालच. शिवाजी महाराज सुरतेला जाताना इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं स्वागत केलं आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून या माळाला शिरपामाळ म्हणतात, असं तिथे सांगतात. सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची. नाशिककडून सुरतेला जायला जव्हारच्या मुलखातली वाट सोयीची, हे नकाशाही सांगतो. तिथे उभं राहिलं की अभिमान वाटतो, वाटायलाच हवा.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १६७२ च्या जून महिन्यात मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जव्हारवर आले आणि राजधानी घेतली. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की तिथे सतरा लाखांचा खजिना सापडला. विक्रमशहांना राज्य सोडून मोगलांच्या मुलखात, नाशिककडे जावं लागलं. लगेच पुढे शेजारच्या रामनगरचा, म्हणजे नंतरच्या धरमपूरचा नंबर लागला.

आठ वर्षांपूर्वी शिरपेच देणारा राजा आठ वर्षांनी परागंदा. हे वाचून कुणाला राग येतो, कुणी म्हणतं असल्या गोष्टी कशाला काढायच्या. काढायच्या, कारण त्यात कुणाची बदनामी नाही. जव्हार आणि रामनगर ही दोन्ही राज्यं सुरतेच्या वाटेवर होती. एकदा जाण्यापुरती वाट हवी होती तेव्हा भेट झाली. वाट कायमची हातात हवी झाली तेव्हा राज्य गेलं. वाटेवर बसलेल्या लहान राज्याचं असंच असतं. मोठ्याची मैत्री त्याच्या गरजेपुरती असते आणि गरज वाढली की मैत्रीचं माप बदलतं.

तरीही जव्हार संपलं नाही. घराणं परत आलं, राज्य पुन्हा उभं राहिलं, मात्र आक्रसत गेलं. एके काळी नऊ लाखांचा मुलूख होता. पेशवाईच्या उत्तरकाळात राजाकडे उरला तो वर्षाला पंधरा-वीस हजार उत्पन्नाचा डोंगराळ भाग. सुपीक खालचा पट्टा गेला, किनारा गेला. ज्या दऱ्या कुणाला नको होत्या तेवढ्या राहिल्या.

दरीने राखलं, दरीनेच मागे ठेवलं

इंग्रजी अमलात जव्हार हे संस्थान म्हणून राहिलं. ३१० चौरस मैल, १०८ गावं, आणि १९०१ च्या जनगणनेत ४७,५३८ माणसं. संस्थानाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. १९१८ मध्ये जव्हारला नगरपालिका झाली. आपल्या आजूबाजूच्या कितीतरी मोठ्या गावांना आजही ती नाही.

पण बाकीचं बघा. १८६४ मध्ये आपल्या किनाऱ्याच्या पट्टीतून मुंबई-गुजरात रेल्वे सुरू झाली. पुढच्याच वर्षी पलीकडे कसारा घाटातून इगतपुरीला रेल्वे पोचली. जव्हार या दोन रुळांच्या मधे, आणि त्याला एकही स्टेशन नाही. डहाणू-नाशिक रेल्वेचं गाजर आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. प्रत्येक निवडणुकीला तिचा सर्व्हे होतो.

रेल्वे आली तिथे व्यापार आला, शाळा आल्या, बागायती झाली. व्यापाऱ्याबरोबर सावकारही आला आणि वेठही वाढली, तेही खरं. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला तो तलासरी-उंबरगाव-डहाणूच्या याच पट्ट्यात. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार मारले गेले. जव्हारला जाताना तलवाडा लागतं. तिथे कधी दोन मिनिटं गाडी थांबवा.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. गावाबाहेरचा जय विलास राजवाडा त्यांच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि पुढे ते लोकसभेवर निवडून गेले. ज्या घराण्याला दिल्लीच्या सुलतानाने कागद देऊन राजा केलं, त्यातला शेवटचा राजा मतपेटीतून दिल्लीला गेला. राजवाडा बघताना हे डोक्यात ठेवा, मग तो नुसता शूटिंगचा बंगला वाटणार नाही.

राजे गेले, जिल्हा ठाणे झाला, आणि जव्हार एका मोठ्या जिल्ह्याचा कोपरा होऊन बसलं. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की मुंबईपासून तीन-चार तासांवर मुलं उपासमारीने आणि कुपोषणाने मरतात. मग अधिकारी आले, योजना आल्या, जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय झालं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला हवं अशी तिथल्या लोकांची मागणी होती, ते पालघरला गेलं. पुन्हा रेल्वेच्या बाजूला.

एवढ्यासाठी म्हणतो, दरी ही नुसती सुंदर गोष्ट नाही. जिने शत्रूला अडवलं तिनेच डॉक्टरलाही अडवलं.

आता दरीच हवी आहे

आणि इथे इतिहासाला एक वळण येतं. सहाशे वर्षं कुणालाही नको असलेली गोष्ट, म्हणजे खोल, अरुंद, पाण्याने भरलेली घळ, ती आता सगळ्यांना हवी आहे. कारण धरण बांधायला तीच लागते.

सूर्या नदीवरचं धामणी धरण आणि खालचा कवडास बंधारा आपल्याला माहीत आहे. डहाणू, पालघर, विक्रमगडची सुमारे चौदा हजार हेक्टर शेती भिजवायची म्हणून ही योजना सांगितली होती. धरणासाठी आदिवासींची घरंदारं, शेतं गेली. आज त्याच सूर्येतून वसई-विरारला दररोज १८५ दशलक्ष लिटर आणि मिरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर, एकूण ४०३ दशलक्ष लिटर पाणी न्यायची योजना आहे. शहरांना पाणी नको असं कोण म्हणेल? तिथे आपलीच माणसं राहतात. पण ज्या शेताच्या नावाने धरण झालं त्या शेताच्या बांधाशी कालवा कोरडा, आणि शेजारून जाडजूड पाइपलाइन चाललेली, हे चित्र बघितलं की बैलाचं कातडं आठवतं. मागताना शेतीपुरतं मागितलं होतं. पट्टी निघाली ती थेट मिरा रोडपर्यंत पोचली.

पुढची पट्टी आणखी लांब आहे. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड. त्यात दमणगंगेवर भूगड आणि वाघ नदीवर जव्हार तालुक्यात खर्गीहिल, अशी दोन धरणं बांधायची, बोगद्यांनी त्यांचं पाणी पिंजाळ खोऱ्यात आणायचं आणि तिथून मुंबईला द्यायचं, असा आराखडा आहे. २०१० मध्ये केंद्र, गुजरात आणि महाराष्ट्र यांचा त्यावर करार झाला. सुरुवातीला मी सांगितलं की जव्हारचा पाऊस दोन वाटांनी समुद्राला जातो. या योजनेत त्या दोन वाटा डोंगर पोखरून एकमेकींना जोडायच्या आहेत. भूपतगडावर उभं राहून पिंजाळचं खोरं बघा, मग या वाक्याचा आकार कळेल.

आणि जव्हारमध्ये पाणी किती? पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो आणि तरी मार्च उजाडला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. टँकर लागतात. पाणी खाली दरीत, माणसं वर पठारावर. मुंबईसाठी बोगदा खणता येतो, पण पाड्यासाठी शंभर-दोनशे मीटर वर पाणी चढवायला पंप मिळत नाही. दिवाळी झाली की हीच माणसं एसटी भरून खाली उतरतात. वीटभट्ट्यांवर, आपल्या वाड्यांमध्ये, बांधकामांवर. आपल्याकडे रोज सकाळी कामाला येणाऱ्या बाईला विचारा, गाव कुठलं. बऱ्याचदा उत्तर जव्हार-मोखाड्याचं येईल.

आणि आपला काय संबंध?

संबंध जुना आहे. आपल्या महालक्ष्मीच्या यात्रेत गडावर वाघाडीचे पुजारी रात्री चढून जो ध्वज लावतात, तो जव्हारच्या मुकणे घराण्याचा मान. निरभ्र दिवशी समुद्रातून तो सुळका दिसतो. म्हणजे होडीतल्या माणसाची खूण, डोंगरातल्या राजाचं निशाण आणि दोघांची देवी, सगळं एकाच दगडावर आहे.

संबंध नवाही आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव होणार. बंदर समुद्रातल्या भरावावर होणार, गावांची जमीन त्यासाठी जाणार नाही, असं सांगितलं जातं. मग २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या बंदराला समृद्धी महामार्गाशी, इगतपुरीजवळच्या भरवीरला जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या मालवाहतूक मार्गाला मंजुरी दिली. तो कुठून जाणार? डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि पुढे त्र्यंबकेश्वर, इगतपुरी.

ही वाट ओळखीची वाटते ना? घाटावरून बंदराकडे. तुघलकाने जिच्यासाठी कागद दिला, सुरतेच्या स्वारीला जी लागली, मोरोपंतांनी जिच्यासाठी राजधानी घेतली, तीच. फक्त आता ती सुरतेऐवजी आपल्या दारात उतरणार आहे. वरोर आणि जव्हार पुन्हा एकाच दोरीची दोन टोकं होणार आहेत.

बंदराबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं आहे, घराघरांत वेगळं आहे. कुणाला नोकरी दिसते, कुणाला बुडालेली मासेमारी. तो वाद आज इथे नको. मला इतिहासातून एवढंच दिसतं की या उतारावर आजवर जे जे गेलं ते फार मागून गेलेलं नाही. थोडं मागून गेलंय. एवढीशी जागा, एवढंसं पाणी, एक वाट. त्या वारली प्रमुखाची चूक जमीन देण्यात नव्हती. कातडं कसं मोजणार, हे त्याने आधी विचारलं नाही.

आपल्याला विचारता येतं. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे सगळे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला विचारलं जाण्याचा हक्क दिलाय. रस्ता किती रुंद, भरावाचा दगड कुठल्या डोंगरातून, पाणी कुठून आणि कुणाचं कमी करून, हे प्रश्न ग्रामसभेच्या वहीत लेखी नोंदवता येतात. जव्हारच्या पाड्याने विचारलेला प्रश्न आणि वरोरच्या किनाऱ्याने विचारलेला प्रश्न वेगवेगळा पडला तर त्याला वजन येत नाही. आजवर किनाऱ्याने डोंगराकडे मजूर म्हणून बघितलं आणि डोंगराने किनाऱ्याकडे शेठ म्हणून. उतार मात्र एकच आहे.

जाताना एवढं बघा

या रविवारी गेलात तर थोडा उशीर करा. जाताना तलवाड्याला थांबा. वर पोचलात की आधी हनुमान पॉइंटवर जा आणि दरीकडे बघताना विचार करा, इथून फौज कशी चढली असती. शिरपामाळला जा आणि १६६४ बरोबर १६७२ पण पोरांना सांगा. राजवाडा बघा. मग दाभोसाला जा. पावसात खालच्या डोहाकडे उतरू नका, काठावरून बघितलं तरी पुरतं. लेंडीचं ते पाणी पुढे दमणगंगा आणि मग समुद्र, असं बोट दाखवून मुलांना सांगा. प्लॅस्टिक परत आणा. भाजी, करवंदं, जांभळं घ्यायची तर रस्त्यावर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून घ्या, आणि घासाघीस नको.

परतताना कासाच्या आसपास गंभीरगड कुठला ते कुणाला तरी विचारा. थांबून एकदा नीट बघा. जव्हार देऊन जो माणूस तिथे आला, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्याची गोष्ट मात्र आता तुम्हाला माहीत आहे, ती घरी जाऊन सांगा.